चाकूने आधी हत्यार घडवावं

काडी पेटते, लाकूड पेटत नाही. ओल्या दिवसांत रानात ज्याने चूल मांडली आहे त्याला हे सांगावं लागत नाही. काडेपेटीतली काडी काही सेकंद जळते आणि बोटाला चटका देऊन विझते. लायटर हवा तितका वेळ धरला, तरी मनगटाएवढ्या ओंडक्याची साल काळी होते, बाकी काही होत नाही. मग कागद जाळले जातात, रॉकेल शोधलं जातं, प्लास्टिकची पिशवी पेटवून तिचे जळते थेंब लाकडावर पाडले जातात. तरीही धूरच होतो. ठिणगी कुणाकडेही असते; अडतं ते पेटण्याजोग्या लाकडापाशी. असं लाकूड रानात तयार पडलेलं क्वचितच मिळतं, ते तयार करावं लागतं. हाताशी फक्त एक चाकू असताना ते कसं करायचं, हा या पुस्तकाचा विषय आहे.

लाकूड पेटत नाही याची कारणं दोन : पाणी आणि जाडी. ताज्या तोडलेल्या लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या निम्म्याहून अधिक, काही जातींत तर त्या वजनाइतकंच पाणी असतं. शून्य अंशाचं पाणी उकळीपर्यंत आणायला जेवढी उष्णता लागते, तिच्या पाचपटीहून जास्त उष्णता त्याच पाण्याची वाफ करायला लागते. ओलं लाकूड विस्तवात टाकलं की विस्तवाची कमाई आधी या कामात खर्च होते. म्हणून जाणता माणूस जमिनीवर पडून ओल प्यालेलं लाकूड उचलत नाही. तो उभं वाळलेलं झुडूप शोधतो, नाहीतर झाडावरच वाळून वर अडकून राहिलेली फांदी. सलग पावसात अशा लाकडाची साल आणि वरचा थर भिजतो, पण आतला गाभा बहुधा कोरडा राहतो. तो गाभा उघडा करता आला तर पावसातही चूल पेटते.

जाडीचं गणित कागदावर सोडवून पाहण्यासारखं आहे. दहा सेंटिमीटर बाजूचा लाकडी ठोकळा घेतला, तर त्याचा हवेला भिडणारा पृष्ठभाग 600 चौरस सेंटिमीटर भरतो. त्याच ठोकळ्याच्या एक सेंटिमीटर जाडीच्या शंभर काड्या फोडल्या, तर पृष्ठभाग 4,200 होतो, म्हणजे सातपट. आणि एक मिलिमीटर जाडीचे पापुद्रे काढले, तर 20,400, म्हणजे चौतीसपट. लाकूड तेवढंच, वजन तेवढंच. पण पापुद्र्याला काडीची ज्योत पुरते आणि ठोकळ्याला तासभराची भट्टीही कमी पडते. पापुद्र्यावरून काडीवर, काडीवरून ढलपीवर, ढलपीवरून ओंडक्यावर विस्तव चढत जातो. यातली एक पायरी गाळली की तो तिथेच बसतो.

म्हणजे विस्तवाला तीन कामं हवीत : लाकूड लांबीत तोडणं, उभं फोडणं आणि पातळ तासणं. सुताराच्या घरी या तिन्हींची सोय असते. करवत तोडते, कुऱ्हाड आणि पाचर फोडतात, वाकस आणि रंधा तासतात. ओंडका हलू नये म्हणून ठोकळा असतो, ठोकायला मोगरी असते. रानात गेलेल्या माणसाच्या कमरेला असतो एक चाकू, हाताच्या तळव्याएवढ्या पात्याचा.

इथे बहुतेक जण एकाच वाटेने जातात. सगळी हत्यारं नाहीत, तर चाकूलाच सगळी हत्यारं करू पाहतात. त्याला करवतीसारखा आडवा घासतात, कुऱ्हाडीसारखा हवेतून आपटतात, दगडाने त्याच्या पाठीवर घाव घालतात, पातं चिरेत अडकलं की मूठ धरून पिळतात. चाकू या कामांसाठी घडवलेला नसतो. आपटला तर तो निसटून पायावर येतो, दगडाच्या घावाने त्याची पाठ चेचते, पिळला तर टोक मोडतं. आणि रानात चाकू मोडला की माणूस एकदम रिकामा होतो.

मला या पुस्तकात जे सांगायचं आहे ते इतकंच : चाकूने थेट सरपण करायला बसू नये. चाकूने आधी लाकडाचीच हत्यारं करावीत आणि जड काम त्यांच्यावर सोपवावं. चाकूकडे ठेवावं फक्त तेच काम जे दुसरं कुणी करू शकत नाही : कापणं. मोगरी, पाचर, खुंट, शिकंजा, धनुकली यांतलं प्रत्येक हत्यार काही मिनिटांत होतं, मोडलं तर दुसरं होतं आणि काम संपल्यावर शेवटी चुलीतही जातं. चाकू मात्र घरी परत येतो, धार शाबूत ठेवून.

पहिली मोगरी. मनगटाएवढ्या जाडीचं, कोपरापासून बोटांपर्यंत लांबीचं जड, कठीण लाकूड घ्यावं. बाभळीची छाटलेली फांदी असेल तर उत्तमच. मूठ जिथे सुरू व्हायची तिथे आडवी खाच सभोवार फिरवून घ्यावी आणि टोकाकडून त्या खाचेपर्यंत तासत यावं. खाच आधी मारली असली की ढलपी तिच्यापाशी येऊन सुटते, डोक्यात शिरत नाही. ही साधी गोष्ट हाताला एकदा कळली, की पुढची सगळी कोरीव कामं त्यातूनच उलगडतात. मोगरी झाली की चाकूच्या पाठीवर धातू किंवा दगड आपटायची गरज उरत नाही. लाकूड पोलादाला चेचत नाही.

दुसरी पाचर, आणि ती खरी कारभारीण. उभ्या रेषेत लाकडाचे तंतू एकमेकांना फार घट्ट धरून नसतात. तंतू आडवे तोडायला मात्र त्याच्या कितीतरी पट जोर लागतो. म्हणून लाकूड उभं फोडणं सोपं आणि आडवं तोडणं अवघड. ओंडक्याच्या तोंडावर चाकू आडवा ठेवून मोगरीने हलकेच ठोकला की एक चीर पडते. चाकूचं काम तिथे संपलं. तो काढून घ्यायचा आणि चिरेत कठीण लाकडाची लांब, सडपातळ पाचर बसवायची. पुढे मोगरी आणि पाचर, दोघी मिळून ओंडका फोडतात. पाचर अडली तर तिच्या पुढे, चीर जिथवर गेली आहे तिथे बाजूने दुसरी मारायची. पाचरीच्या डोक्याच्या कडा किंचित उतरवून घेतल्या तर घावाखाली ती स्वतः फुटत नाही. गाठीचं लाकूड बाजूला ठेवावं. गाठीत तंतू वळलेले असतात आणि तिथे पाचरही हरते.

लांबीत तोडण्याचं काम चाकूला सगळ्यांत नावडतं, म्हणून त्यात त्याला कमीत कमी गुंतवावं. काठीला सभोवार इंग्रजी व्हीच्या आकाराची खाच पाडावी, ती दोन जवळच्या झाडांच्या मध्ये अडकवावी आणि लांब टोक ओढावं. खाचेपाशी काठी कडकन मोडते. इथे झाडं शिकंजा झाली, काठी स्वतःच तरफ झाली, आणि चाकूने फक्त कुठे मोडायचं ते दाखवलं.

मग येतो रंध्याचा प्रश्न, म्हणजे पापुद्र्यांचा. फोडलेल्या कोरड्या काडीवरून पातळ, कुरळे पापुद्रे असे काढायचे की ते तळाशी काडीलाच चिकटून राहतील आणि काडीला तुरा येईल. थंड, ओल्या मुलखांत विस्तव पेटवण्याचा हा जुना आणि खात्रीचा मार्ग. गारठलेल्या हातांना चाकू असा हळुवार चालवणं जमत नाही. तेव्हा चाकू चालवूच नये. धार बाहेरच्या बाजूला करून चाकूची मूठ गुडघ्याच्या बाजूला घट्ट टेकवावी, पातं स्थिर ठेवावं आणि काडी मागे ओढावी. चाकू जागचा हलत नाही, लाकूड त्यावरून सरकतं. रंधा उलटा धरला तर जे होईल तेच हे. जमिनीत ठोकलेल्या खुंटाचं डोकं चिरून त्या चिरेत काम पकडलं की शिकंजाही झाला आणि दुसरा हात मोकळा झाला.

विस्तव एकदा पेटला की तोही हत्यारांच्या रांगेत येऊन बसतो. चाकूच्या टोकाने खोल भोक पाडणं जिकिरीचं आणि धोक्याचं. त्याऐवजी जिथे भोक हवं तिथे निखारा ठेवून बांबूच्या फुंकणीने फुंकत राहिलं, जळलेलं खरवडलं, पुन्हा निखारा ठेवला, तर भोकही पडतं आणि वाटीही होते.

या सगळ्या शिक्षणाची कसोटी म्हणजे काडेपेटीशिवाय विस्तव : धनुकलीचं मंथन. हाताएवढी, जराशी वाकलेली काठी आणि तिला बांधलेली दोरी ही धनुकली. दोरीच्या वेढ्यात वीतभर लांब, अंगठ्याएवढा जाड दांडा. खाली मऊ, कोरड्या लाकडाची फळी, वर दांड्याचं टोक दाबून धरायला कठीण लाकडाची खळगी. फळीतल्या खळग्याला बाजूने सुमारे एक अष्टमांश वर्तुळाची खाच हवी. धनुकली पुढे-मागे ओढली की दांडा फिरतो, घर्षणाने लाकडाचा भुगा होतो, भुगा खाचेत साचतो आणि तापत जातो. भुगा फिकट असेल तर दाब किंवा वेग कमी आहे. गडद तपकिरी होऊन त्यातून धूर आपोआप येत राहिला की आत निखारा जन्मला आहे. निखारा खाचेतल्या भुग्यात जन्मतो, म्हणून खाच नीट कापलेली नसेल तर कितीही दम लावला तरी फक्त धूर मिळतो. पाच भाग, दोरी सोडली तर सगळे चाकूनेच केलेले, आणि एकाच्याही कामात कसूर झाली तर विस्तव नाही. हाताचं कौशल्य इतक्या प्रामाणिकपणे तपासणारी दुसरी परीक्षा मला माहीत नाही.

मराठी वाचकाला ही यंत्रणा परकी वाटायचं कारण नाही. गावच्या सुताराच्या हत्यारांत सामता असे. तोही दोरीच्या वेढ्याने गरगर फिरून भोक पाडायचा. आणि श्रौत यज्ञातलं अग्निमंथन याच जातीचं आहे. खाली अधरारणी, तिच्यावर उभा फिरणारा मंथा, त्याचं वरचं टोक दाबून धरणारी ओविली, आणि त्याला फिरवणारी दोरी, तिला नेत्र म्हणतात. अरणीसाठी शमीवर उगवलेल्या पिंपळाचं लाकूड सांगितलं आहे. त्यातली एक गोष्ट मला कारागिराच्या नजरेने फार मोलाची वाटते : उत्तरारणीतून, म्हणजे वरच्या अरणीतून, काढलेला लहान तुकडा मंथ्याच्या तळाशी बसवतात. घासून झिजतो तो तुकडा, अख्खा मंथा नाही. झिजणारा भाग वेगळा आणि बदलता ठेवावा, हे तत्त्व यंत्रं घडवणारा कुणीही ओळखेल.

या विद्येचं वय सांगायला आल्प्सच्या बर्फात एक साक्षीदार सापडला. 19 सप्टेंबर 1991 रोजी ऑस्ट्रिया-इटलीच्या सीमेवर ओट्झ्टाल आल्प्समध्ये, 3,210 मीटर उंचीवर, सुमारे 5,300 वर्षांपूर्वीच्या माणसाचा देह मिळाला. जगाने त्याचं नाव ओट्झी ठेवलं. त्याच्याकडे तांब्याची कुऱ्हाड होती, ॲश लाकडाच्या मुठीचा गारगोटीचा लहान सुरा होता, आणि त्या सुऱ्याची धार काढण्यासाठी लाकडी दांड्यात शिंगाचा तुकडा ठोकून केलेलं पेन्सिलीसारखं हत्यार होतं. कमरेच्या पिशवीत ठिणगी धरणारी बुरशी होती, तिच्यावर पायराइट खनिजाचे कण होते. भूर्जाच्या सालीच्या डब्यात मेपलच्या पानांसोबत कोळसा होता. तो निखारा गुंडाळून बरोबर नेत होता. यू झाडाचं त्याचं धनुष्य अर्धवट घडवलेलं होतं आणि भात्यातल्या 14 बाणांपैकी दोनच पूर्ण झालेले होते. हा माणूस घरून सगळं तयार घेऊन निघाला नव्हता. मोजकी धारदार हत्यारं आणि विस्तवाची तजवीज जवळ ठेवून बाकीचं तो वाटेत घडवत चालला होता.

आज ही विद्या सर्वांत जिवंत आहे ती उत्तरेकडच्या सूचिपर्णी जंगलांत. स्वीडनमधल्या मोरा गावाच्या परिसरात शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या चाकू घडवत आले. 1891मध्ये फ्रॉस्ट-एरिक एर्सन यांनी तिथल्या ओस्टनोर गावात लाकडाच्या घसरगाड्यांचा कारखाना काढला आणि त्यातून चाकूंचा उद्योग वाढला. त्या चाकूचं पातं लहान, आणि धारेचा उतार एकाच सपाट पातळीत थेट धारेपर्यंत उतरणारा. हा सपाट उतार लाकडावर टेकला की किती खोल जायचं ते हातालाच समजतं, म्हणून लाकूडकामाला तो फार सोयीचा. कॅनडात मोर्स कोचान्स्की (1940–2019) यांनी आयुष्यभर हीच शाळा चालवली. उणे चाळीस अंशांच्या थंडीत विस्तव ही चैन नसते, जीव असतो. कोचान्स्की यांच्या ‘नॉर्दर्न बुशक्राफ्ट’ या पुस्तकात विस्तव, कुऱ्हाड, चाकू आणि करवत यांना स्वतंत्र प्रकरणं आहेत. स्वतःपाशी किती सामान आहे यापेक्षा हाताला किती येतं यावर त्यांचा भर होता. या पुस्तकाची मांडणी करताना त्यांचं ऋण मी जागोजागी मानलं आहे.

पण उत्तरेची पद्धत उचलून जशीच्या तशी सह्याद्रीत आणता येत नाही. तिथे भूर्जाची साल आणि राळेचं पाइन आहे. आपल्याकडे चार महिने धो धो पाऊस आणि नंतर आठ महिने वणव्याची भीती. कोकणातला माणूस कमरेच्या आकडीला कोयती अडकवून रानात जातो आणि फोडणं-तोडणं तिनेच करतो. चाकूची गरज त्याला बारीक कामापुरतीच पडते. आपली झाडंही वेगळी. मोगरी-पाचरीला बाभूळ, ऐन यांसारखी कठीण लाकडं. मंथनाच्या फळीला पांगारा, सावर यांसारखी हलकी. सावरीचा कापूस चकमकीची ठिणगी पूर्वीपासून झेलत आला आहे. वाळका बांबू सरळ फुटतो आणि चटकन पेटतो, पण त्याचं बंद पेर विस्तवात घालू नये. आतली हवा आणि वाफ कोंडून ते स्फोटासारखं फुटतं. कण्हेर, शेर आणि बिबा ही लाकडं चुलीपासून दूर ठेवावीत. कण्हेर विषारी आहे, शेराचा चीक डोळ्यांना आणि बिब्याचं तेल कातडीला फार वाईट.

आता एक गोष्ट स्पष्ट आणि आग्रहाने सांगतो. हे पुस्तक वाचून कुणीही जंगलात जाऊन शेकोटी पेटवू नये. भारतीय वन अधिनियम, 1927च्या कलम 26नुसार राखीव वनात परवानगीशिवाय विस्तव पेटवणं गुन्हा आहे. अभयारण्य धोक्यात येईल असा विस्तव करायला वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972चं कलम 30 मनाई करतं. कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं. होळीच्या सुमारास वाळलेल्या गवताने पिवळ्या पडलेल्या डोंगरावर एक ठिणगी काय करते, ते आपण दरवर्षी पाहतो. जमिनीवर घरटं करणारे पक्षी, सरपटणारे जीव, नुकती रुजलेली रोपं यांना पळता येत नाही. म्हणून सराव आपल्या अंगणात, परसात किंवा मालकाला विचारून त्याच्या बांधावर करावा. लाकूड छाटणीचं आणि वाळलेलं घ्यावं. सरावासाठी जिवंत झाडावर चाकू चालवू नये. जवळ पाण्याची बादली असावी, आणि विझवल्यावर राख ढवळून, पुन्हा पाणी घालून, हाताची पाठ जवळ नेऊन ऊब उरली नाही ना हे पाहूनच उठावं.

चाकूबद्दलही तितकंच. बोथट चाकू धारदार चाकूपेक्षा जास्त जखमा करतो, कारण त्याला जोर लावावा लागतो आणि जोर लावलेला हात सुटला की थांबत नाही. बसून काम करताना मांड्यांच्या मधल्या जागेत कधीही कापू नये. मांडीच्या आतल्या बाजूने मोठी रोहिणी जाते आणि ती कापली गेली तर माणूस मिनिटांत दगावू शकतो. कोपर गुडघ्यांवर टेकवून, चाकू गुडघ्यांच्या पुढे ठेवून कापावं, नाहीतर एका बाजूला वळून. हात लांब केल्यावर चाकू जिथवर पोहोचतो तिथवर दुसरं माणूस नसावं. काम थांबलं की चाकू म्यानात. घडीचा चाकू ठोकण्याच्या कामाला मुळीच वापरू नये. पोलाद मुठीत शेवटपर्यंत गेलेला, न मिटणारा चाकूच घ्यावा.

कुणी विचारेल, गॅसच्या शेगड्या आणि लायटर असताना हे शिकायचं कशाला? आपत्तीत उपयोग होईल हे उत्तर खरं आहे, पण ते अपुरं आहे. स्वीडनमधल्या नेस इथे ओटो सालोमोन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘स्लॉइड’ नावाचं हस्तकलेचं शिक्षण शिक्षकांना द्यायला सुरुवात केली, तेव्हा मुलांच्या हाती पहिलं हत्यार दिलं ते चाकू. उद्देश सुतार घडवण्याचा नव्हता, माणूस घडवण्याचा होता. 1937मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी शिक्षणाचा पाया हातकामावर ठेवायचा आग्रह धरला, तोही याच विश्वासातून. ज्या मुलाने एकदा स्वतःच्या हाताने पाचर करून ओंडका फोडला आहे, त्याला लाकडाच्या रेषा कळतात, बळ आणि युक्ती यांतला फरक कळतो, आणि एखादं काम अडलं तर अधिक जोर लावण्याआधी थांबून हत्यार बदलावं हेही कळतं. या शेवटच्या समजेसाठी मी हे पुस्तक लिहिलं आहे.

पुस्तकाची प्रकरणं त्याच क्रमाने येतात ज्या क्रमाने हात शिकतो : आधी धार आणि पकड, मग मोगरी आणि पाचर, मग तोडणं, फोडणं, तासणं, मग तुरा आणि चुलीची रचना, आणि अगदी शेवटी धनुकलीचं मंथन. बरेच वाचक मंथनाच्या प्रकरणावर थेट उडी घेतील. मोह स्वाभाविक आहे. पण ज्याची पाचर सरळ नाही त्याची फळी सपाट होत नाही, आणि ज्याला खाच स्वच्छ कापता येत नाही त्याच्या भुग्यात निखारा धरत नाही. तेव्हा विनंती एवढीच, की क्रम सोडू नका. पहिल्या दिवशी फक्त मोगरी करा. ती हातात नीट बसेपर्यंत तासा, तिने चार-दोन पाचरी ठोकून पाहा, आणि मग पुढच्या प्रकरणाकडे या.